पाणी दिसायच्या आधी निघा

"२००५ला आमच्या उंबऱ्याला पाणी लागलं नव्हतं." २०१९च्या ऑगस्टमध्ये याच भरवशावर आपल्या शिरोळ तालुक्यात कितीतरी माणसं घरात थांबली, जनावरं दावणीला राहिली, आणि पाणी जुनी खूण बुडवून वर गेलं. मग माडीवर बसून बोटीची वाट बघायची पाळी आली. दोनच वर्षांनी, जुलै २०२१मध्ये, पुन्हा महापूर. म्हणून हात जोडून सांगतो, भिंतीवरच्या जुन्या खुणेवर विसंबू नका.

आपला तालुका कृष्णा, वारणा, पंचगंगा आणि दूधगंगा अशा चार नद्यांचा. नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते, पण कृष्णाच तुडुंब असली की पंचगंगेला पुढं सरकायला जागा राहत नाही. पाणी मागं फुगतं आणि ओढ्या-नाल्यांतून उलटं शिवारात शिरतं. त्यामुळं घराच्या आधी रस्ता बुडतो. उंबरा कोरडा आहे म्हणून थांबलेला माणूस अडकतो तो इथंच.

डोक्यावर ऊन आहे म्हणूनही फसू नका. गगनबावडा, राधानगरी, महाबळेश्वरकडं कोसळलेला पाऊस आपल्या दारात मागाहून येतो. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडले, कोयनेतून विसर्ग वाढला, की कान टवकारा. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. माझं मत विचाराल तर ३९ची बातमी आली की म्हातारी माणसं, बाळंतिणी आणि जनावरं हलवायची. नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरात पाणी शिरून दक्षिणद्वार सोहळा झाला की आपण भक्तीनं हात जोडतो. जोडावेतच. पण पादुकांवरून वाहणारं ते पाणी नदी किती चढली हेही सांगत असतं. घरी परतल्यावर सामान बांधायला घ्या.

वेळीच निघायची शिस्त जपानकडून शिकावी. तो डोंगराळ बेटांचा देश. पूर, दरडी, भूकंप त्यांच्या पाचवीला पुजलेले. तिथं इशाऱ्याच्या पाच पायऱ्या आहेत आणि धोक्याच्या जागेतल्या सगळ्यांनी चौथ्या पायरीलाच बाहेर पडायचं असतं. पाचवी म्हणजे संकट दारात आलेलं. आपण मात्र बहुतेकदा पाचवीलाच जागे होतो.

पावण्यारावळ्यांनाही फोन करा. शाहूवाडी, भुदरगड, गगनबावड्याच्या डोंगरउतारावर कुणाची लेक दिली असेल, कुणाचं आजोळ असेल. २२ जुलै २०२१ला रायगडमधल्या तळियेवर दरड कोसळली, तेव्हा तोच पाऊस आपल्या नद्या फुगवत होता. घरामागं जमिनीला भेग पडली, झाडं-खांब कलले, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, तर रात्र तिथं काढू नका म्हणावं.

बोटीत चढायची वेळ आलीच तर गर्दी करू नका. सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ला गच्च भरलेली बोट उलटली आणि सुटकेला निघालेली माणसं बुडाली.

कागदपत्रं, औषधं, बॅटरी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत आजच बांधा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा नंबर घरातल्या पोरांनाही पाठ असू द्या. आणि गोठ्यात जाऊन दाव्याची गाठ बघा. भिजलेली गाठ अंधारात सुटत नाही, म्हैस मान वर काढून हंबरत राहते आणि आपली बोटं सोलून निघतात. धार लावलेला एक विळा खुंटीला टांगून ठेवा, गुडघाभर पाण्यातून हात पोचेल एवढ्या उंचीवर.