विश्लेषण : पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू का होत नाही? जुने लॅपटॉप आणि ‘सिक्युअर बूट’चे कुलूप

विंडोज १०ला मोफत सुरक्षा सुधारणा देणे मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. विंडोज ११साठी टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा. त्यामुळे चालू स्थितीतले असंख्य लॅपटॉप अधांतरी राहिले. कोल्हापुरात राजारामपुरीच्या एखाद्या गल्लीत भाड्याने राहून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला लगेच नवा लॅपटॉप घेणे परवडत नाही. अशा वेळी मोफत लिनक्स हा सरळ पर्याय. पण पेनड्राइव्ह लावला तरी विंडोजच उघडते किंवा काळ्या पडद्यावर एक ओळ उमटून सगळे थांबते. लॅपटॉप ‘गेला’ असा निष्कर्ष काढण्याआधी कारण समजून घ्यायला हवे.

लॅपटॉप सुरू होताना काय घडते?

बटण दाबल्यावर आधी मदरबोर्डवरील फर्मवेअर जागे होते. त्याला आजही ‘बायोस’ म्हणतात, पण गेल्या दशकभरातील लॅपटॉपमध्ये त्याची जागा ‘यूईएफआय’ने घेतली आहे. कोणत्या डिस्कवरून यंत्रणा सुरू करायची, याचा क्रम त्यात ठरलेला असतो. हार्ड डिस्क पहिली असेल तर पेनड्राइव्हपर्यंत पाळीच येत नाही. म्हणून सुरू होतानाच बूट मेन्यूची कळ दाबावी लागते. डेल आणि लेनोवोमध्ये ती बहुधा एफ१२, एचपीमध्ये एफ९ असते. विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’मुळे ‘शट डाउन’ केल्यावरही लॅपटॉप पूर्ण बंद होत नाही. त्यामुळे ‘रीस्टार्ट’ करून कळ दाबणे चांगले.

दोष पेनड्राइव्हचा असू शकतो का?

हो, आणि तो सर्वात आधी तपासावा. लिनक्सची आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही. रुफस किंवा बलेना एचरसारख्या साधनाने ती ‘लिहावी’ लागते. त्यात पेनड्राइव्हवरील जुनी माहिती पुसली जाते. रुफसमध्ये जुन्या बायोससाठी ‘एमबीआर’ आणि यूईएफआयसाठी ‘जीपीटी’ असा पर्याय निवडावा लागतो. तो चुकला तर पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू न होण्याची शक्यता असते. फाइल अर्धवट उतरली असेल तर चेकसम जुळत नाही. तोच पेनड्राइव्ह दुसऱ्या लॅपटॉपवर सुरू झाला, तर दोष पहिल्या लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये आहे असे समजावे.

‘सिक्युअर बूट’ म्हणजे काय?

विंडोज सुरू होण्याआधीच घुसणारे व्हायरस रोखण्यासाठीची ही पहारेदारी आहे. ओळखीच्या डिजिटल सहीचा प्रोग्रामच फर्मवेअर सुरू होऊ देते. २०१२मध्ये विंडोज ८सोबत ही व्यवस्था सर्वत्र आली. बहुतेक लॅपटॉपमध्ये ओळखीची सही म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या प्रमाणपत्रावरची. म्हणून उबुंटू, फेडोरा, डेबियन यांचा ‘शिम’ हा छोटा प्रोग्राम मायक्रोसॉफ्टकडून सही करून घेतला जातो. ज्या लिनक्सकडे अशी सही नाही, ते दारातच अडते. काही नव्या लॅपटॉपमध्ये तर मायक्रोसॉफ्टशिवाय इतरांसाठी असलेले प्रमाणपत्रच सुरुवातीला बंद ठेवलेले असते. ते बायोसमध्ये जाऊन सुरू करावे लागते.

ऑगस्ट २०२४मध्ये काय झाले?

लिनक्समधील ‘ग्रब’ या बूटलोडरमध्ये एक सुरक्षा त्रुटी सापडली होती. जुने, असुरक्षित बूटलोडर रोखण्यासाठी मायक्रोसॉफ्टने ऑगस्ट २०२४च्या विंडोज अपडेटमधून नवा नियम फर्मवेअरपर्यंत पोहोचवला. विंडोजच्या जोडीला लिनक्स असलेल्या संगणकांना तो लागू होणार नाही, असे सांगितले होते. प्रत्यक्षात अशा अनेक संगणकांवर ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ असा संदेश येऊन लिनक्स बंद पडले. जुने पेनड्राइव्हही चालेनासे झाले. काल चालणारा पेनड्राइव्ह आज का चालत नाही, याचे उत्तर कधी कधी असे विंडोजच्या अपडेटमध्ये असते. अशा वेळी लिनक्सची ताजी आयएसओ घेऊन पाहावी.

जून २०२६ महत्त्वाचा का?

लिनक्सच्या शिमवर सही करणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या २०११च्या प्रमाणपत्राची मुदत जून २०२६मध्ये संपते. आधी सही झालेले प्रोग्राम त्यामुळे लगेच बंद पडत नाहीत, कारण फर्मवेअर सहसा मुदत पाहत नाही. मात्र पुढील शिमवर २०२३च्या प्रमाणपत्राची सही असेल, आणि लॅपटॉपच्या फर्मवेअरमध्ये ते प्रमाणपत्र नसेल तर नवे लिनक्स नाकारले जाईल. नवे प्रमाणपत्र विंडोज अपडेटमधून किंवा कंपनीच्या बायोस अपडेटमधून येते. अडचण अशी, की ज्या जुन्या लॅपटॉपना लिनक्सची सर्वाधिक गरज आहे, त्यांच्यासाठी बायोस अपडेट देणे कंपन्यांनी बहुधा थांबवलेले असते.

मग सिक्युअर बूट बंद करावे का?

बहुतेक लॅपटॉपमध्ये ते बंद करता येते. मात्र त्याआधी दोन गोष्टी कराव्यात. पहिली, महत्त्वाच्या फाइल दुसरीकडे साठवाव्यात. दुसरी, डिस्कवर ‘बिटलॉकर’ सुरू असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्यातून ४८ अंकी रिकव्हरी की लिहून घ्यावी. ती नसेल तर सेटिंग बदलल्यावर विंडोज ती मागेल आणि आतली माहिती कुलूपबंदच राहील. घरच्या जुन्या लॅपटॉपवर सिक्युअर बूट बंद ठेवल्याने एक संरक्षण कमी होते, हे खरे. पण सुरक्षा सुधारणा न मिळणारे विंडोज १० वापरत राहण्यापेक्षा नियमित अपडेट होणारे लिनक्स अधिक सुरक्षित ठरते.

पहारेदारी गैर नाही. प्रश्न किल्ल्या कोणाकडे आहेत, हा आहे. लॅपटॉपचे पैसे विद्यार्थ्याच्या घरातून गेले असले, तरी त्यावर काय चालेल हे ठरवणारी यादी दुसऱ्याच्या हाती आहे. ती बदलण्याची सेटिंग बायोसमध्ये आहे तोवर जुना लॅपटॉप भंगारात काढण्याची घाई करू नये.