हुर्यो कुणाची?

जुलै महिना आला की आमच्या घरात तीन आठवडे टीव्हीवर सायकली फिरत असतात. नातवाला त्या 'टूर द फ्रान्स'चं वेड आहे, आणि बसायची खोली एकच असल्यामुळे ते मलाही लागलं. आधी मी नुसती फ्रान्समधली शेतं, चर्च आणि सूर्यफुलं बघायची. मग हळूहळू शर्यत कळायला लागली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एकवीस टप्पे, सव्वातीन-साडेतीन हजार किलोमीटर, रोजच्या वेळेची बेरीज. ज्याची बेरीज सर्वांत कमी, त्याच्या अंगावर पिवळी जर्सी. घाट चढण्यात जो सरस त्याला लाल ठिपक्यांची वेगळी जर्सी. आपल्या मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात ना, त्याच जातीचा मान.

तर 2025 च्या जुलैत, 22 तारखेला, माँपेलिए गावाहून निघून माँ व्हाँतू नावाच्या डोंगरावर संपणारा टप्पा होता. एका फ्रेंच तरुणाने, व्हालाँताँ पारे-पेंत्रने, तो जिंकला आणि तिथले लोक वेडे झाले. ते पाहून नातवाने याच डोंगरावरचा 2016 सालचा तुकडा शोधून काढला आणि आमच्या घरच्या व्हॉट्सॅपच्या घोळक्यात टाकला. पिवळी जर्सी घातलेला एक उंच, काटकुळा माणूस सायकलचे बूट टकाटक आपटत डोंगर चढून धावतोय, आणि सायकल कुठेच नाही. दहा मिनिटांत हसऱ्या बाहुल्यांचा पाऊस पडला. आमचे दादा म्हणाले, "सायकल गहाण टाकलीन वाटतं." धाकट्या वहिनींनी लिहिलं, "आमच्या सोसायटीच्या जिन्यात असंच होतं." मीही हसले, चित्रच तसं होतं. पण त्या दिवशी काय घडलं ते नातवाने सविस्तर सांगितलं, त्यानंतर मी ते चार-पाच वेळा पाहिलं आणि मला या प्रकरणावर मत झालं. मास्तरीणबाईंना मत झालं की ते सांगितल्याशिवाय चैन पडत नाही, हे माझे जुने विद्यार्थी जाणतात. म्हणून हा लेख.

आधी हकिगत. तारीख 14 जुलै 2016, फ्रान्सचा राष्ट्रीय सण, सुट्टीचा दिवस. माँ व्हाँतू म्हणजे प्रोव्हान्स भागातला 1900 मीटरच्या वर जाणारा एकटाच उभा असलेला डोंगर. माथा उघडाबोडका, पांढऱ्या दगडांचा, दुरून बर्फ पडल्यासारखा दिसणारा. इथेच 13 जुलै 1967 ला टॉम सिम्प्सन हा इंग्लिश सायकलपटू उन्हाने, दमणुकीने आणि उत्तेजक गोळ्यांनी कोसळून गेला; त्याचं स्मारक माथ्याच्या थोडं अलीकडे आहे. वारा तर या डोंगराच्या पाचवीला पुजलेला. 2016 मध्ये माथ्यावर ताशी 100 किलोमीटरच्या वर वारा सुटणार असं दिसल्यावर आयोजकांनी आदल्या दिवशी जाहीर केलं, की शर्यत माथ्यापर्यंत जाणार नाही. सहा किलोमीटर अलीकडे, शॅले रेनार या ठिकाणी संपेल.

निर्णय शहाणपणाचाच होता. पण माथ्यावर जाऊन बसायला निघालेले हजारो लोक खाली उरलेल्या रस्त्यावर आले. त्यातले कित्येक जण दोन-दोन दिवस आधीच गाड्या, तंबू घेऊन मुक्कामाला होते. वाऱ्यापायी आणि वेळेअभावी रस्त्याकडेचे लोखंडी कठडे हवे तितके लागले नाहीत. शेवटच्या टप्प्यात रस्ता असा उरलाच नाही. माणसांच्या मधून एक फट तेवढी पुढे सरकत होती. त्या फटीतून टीव्हीवाल्यांच्या मोटारसायकली आणि त्यांच्या मागे रिची पोर्ट, क्रिस फ्रूम आणि बाऊके मोलेमा असे तिघे. शेवट साधारण किलोमीटरभर राहिला असताना पुढची मोटारसायकल गर्दीमुळे अडली. पोर्ट तिच्यावर आदळला, मागचे दोघे त्याच्यावर. मागून आलेल्या आणखी एका मोटारसायकलने फ्रूमची सायकल मोडली.

मोलेमा चटकन उठला आणि गेला. पोर्टही निघाला. फ्रूमकडे सायकलच नव्हती. बदली सायकल घेऊन येणारी त्याच्या संघाची मोटार त्याच गर्दीच्या मागे कुठेतरी अडकलेली. घड्याळ मात्र थांबत नाही. तेव्हा तो धावला.

आता सांगा, यात हसण्यासारखं काय आहे? त्याने चार सेकंदांत जो हिशेब केला तो मला तरी चोख वाटतो. उभं राहिलं तर शून्य, धावलं तर काहीतरी. सायकलीच्या बुटांना तळाला टणक खिट्टी असते, त्यात धड चालताही येत नाही. तो चढावर धावला. मग त्याला सामायिक मदतीच्या गाडीतली एक पिवळी सायकल मिळाली, ती त्याच्या बुटांना बसेना. शेवटी संघाची मोटार पोचली तेव्हा स्वतःच्या मापाची सायकल मिळाली आणि तो मोलेमापेक्षा 1 मिनिट 40 सेकंद उशिरा रेषेवर आला. (अवांतर: टप्पा तोमास दे गेंट या बेल्जियन गड्याने केव्हाच जिंकला होता. त्या गोंधळात त्याचं नाव कुणी घेतलं नाही, म्हणून मी घेते.)

पहिला हिशेब लागला तेव्हा पिवळी जर्सी 23 वर्षांच्या ॲडम येट्सकडे गेली होती आणि फ्रूम त्याच्या 53 सेकंद मागे, सहावा. मग पंच बसले. त्यांनी ठरवलं, की फ्रूम आणि पोर्टला मोलेमाचीच वेळ द्यायची. पिवळी जर्सी फ्रूमकडे राहिली, येट्स 47 सेकंद मागे गेला. आणि चाहत्यांमध्ये रणकंदन माजलं.

एका बाजूचं म्हणणं असं, की नियम म्हणजे नियम. सपाट रस्त्याच्या टप्प्यात शेवटच्या तीन किलोमीटरमध्ये कुणी पडला तर त्याला ज्या घोळक्यात होता त्याचीच वेळ देतात. डोंगरावर संपणाऱ्या टप्प्याला ही सवलत नाही. त्याला कारणही आहे. चढावर प्रत्येक जण आपापल्या दमाने चढतो, मागे पडणं हीच तिथली परीक्षा. मग फ्रूमला सवलत का? तो मोठा, त्याचा संघ श्रीमंत, म्हणून? पूर्वी असे किती जण पडले, त्यांना कोणी दिली वेळ? जर्सी रस्त्यावर मिळाली पाहिजे, पंचांच्या खोलीत नव्हे. दुसरी बाजू म्हणत होती, की मोटारसायकल आणि बघे मध्ये आल्याने पडला, त्याचा काय दोष?

मला शाळेत वीस-बावीस वर्षं क्रीडा महोत्सवात झेंडी घेऊन उभं केलेलं आहे. खेळातलं मला फार कळत होतं म्हणून नव्हे. मराठीच्या बाईंना नाही म्हणता येत नाही म्हणून. शंभर मीटरच्या शर्यतीत एकदा एक कुत्रं मैदानात शिरलं, दोन मुली अडखळल्या. मी शिट्टी मारली आणि सांगितलं, सगळ्या पुन्हा पळा. पहिली आलेल्या मुलीचे आईवडील माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत. पण पुन्हा पळवणं शक्य होतं. 178 किलोमीटर आणि वर हा चढ, तो टप्पा पुन्हा कसा पळवणार? मग पंचाकडे एकच गोष्ट उरते: कुत्रं आलं नसतं तर कोण कुठे असता याचा अंदाज. तो अंदाज त्यांनी केला. नियमाच्या ओळीत बसत नसेल, पण 'चढावर मागे पडणं ही परीक्षा' हे ज्या कारणाने म्हटलंय ते कारणच तिथे उरलं नव्हतं. फ्रूम दमाने मागे पडला नाही. रस्ता नाहीसा झाला म्हणून पडला. जर्सी रस्त्यावरच मिळाली पाहिजे हे मलाही मान्य आहे, पण त्यासाठी आधी रस्ता तर हवा!

येट्स स्वतःदेखील नंतर म्हणाला, की अशा रीतीने पिवळी जर्सी अंगावर घालायला त्याला आवडलं नसतं. ज्याचं नुकसान झालं तो शांत, आणि ज्यांचं काहीच गेलं नाही ते चाहते तावातावाने भांडतायत, हे दृश्य मात्र मला शाळेतल्या पालकांमुळे चांगलंच ओळखीचं आहे.

माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती फार कुणी केलेली दिसत नाही. मोलेमाचं काय? तोही त्याच ढिगात पडला होता. तो उठला, सायकल सावरली, आणि येट्सच्या घोळक्यापेक्षा 19 सेकंद आधी पोचला. पण फ्रूमच्या तुलनेत तो सकाळी 56 सेकंद मागे होता, आणि पंचांचा निकाल लागल्यावर रात्रीही 56 सेकंदच मागे. जो पडून सर्वांत आधी उठला त्याच्या उठण्याची किंमत शून्य झाली. मी निकालाच्या बाजूची आहे, तरी हे मला खुपतं. आणि समजा, एकटा मोलेमाच पडून राहिला असता, तर पंच इतक्या तातडीने बसले असते का? नियमवाल्यांचा हा प्रश्न मला टाळता येत नाही. वर्गात हुशार मुलाचा पेपर हरवला तर सगळा स्टाफ शोधायला लागतो. शेवटच्या बाकावरच्याचा हरवला तर 'त्यानेच दिला नसेल' म्हणतात. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

आता गर्दीबद्दल. तिला सगळ्यांनीच शिव्या घातल्या. दारुडे, माकडं, काय काय. तिथे काही जण तसे होतेही; झेंडे अंगाला गुंडाळून सायकलस्वाराच्या तोंडाशी तोंड नेऊन ओरडणारे मलाही बघवत नाहीत. आदल्याच वर्षी, 2015 मध्ये, कुणीतरी याच फ्रूमच्या अंगावर लघवी फेकली होती. याला उत्साह म्हणत नाहीत. पण हा रोग आजचा नाही. 1904 मध्ये, म्हणजे दुसऱ्याच टूरमध्ये, सेंत-एतियेनजवळच्या घाटात लोकांनी आपल्या गावच्या गड्यासाठी इतरांना रात्री अडवून मारलं, तेव्हा त्यांना पांगवायला गोळ्या झाडाव्या लागल्या. 1950 मध्ये पिरनीजमध्ये बार्तालीच्या अंगावर लोक धावून गेले तेव्हा इटलीचे सगळे खेळाडू घरी निघून गेले. पिवळी जर्सी तेव्हा त्यांच्याच मान्यीकडे होती, तीसुद्धा सोडून. 1975 मध्ये प्वी द दोमच्या चढावर एडी मर्क्सच्या पोटात एका बघ्याने ठोसा मारला. सहाव्यांदा टूर जिंकायला निघालेला मर्क्स दोनच दिवसांनी मागे पडला आणि नंतर त्याने ती कधीच जिंकली नाही. ठोसा नसता तर जिंकला असता का? लोक अजून वाद घालतात.

नातू म्हणतो, दोन्ही बाजूंना पक्के कठडे घाला, पायथ्यापासून माथ्यापर्यंत. त्याचा हुकमाचा पत्ता म्हणजे 2018 चा आल्प द्युएझ. तिथे निबालीची सायकल एका प्रेक्षकाच्या कॅमेऱ्याच्या पट्ट्यात अडकली असं म्हणतात. तो पडला, पाठीचा मणका मोडला, घरी गेला. याला माझ्याकडे उत्तर नाही. माझ्याकडे फक्त 1999 चा, त्याच डोंगरावरचा ग्वेरिनी आहे. त्याला फोटो काढणाऱ्या एका पोराने रस्त्याच्या मधोमध उभं राहून पाडलं, आणि ग्वेरिनी उठून टप्पा जिंकला. पण ते नशीब. त्यावर धोरण आखता येत नाही, एवढं मलाही कळतं.

तरी मला डोंगरभर कठडे नकोत. या खेळाला तिकीट नाही. आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन उभे राहतात आणि जगातला पहिल्या नंबरचा खेळाडू हातभर अंतरावरून धापा टाकत जातो, त्याच्या घामाचा थेंबही दिसतो. क्रिकेटच्या मैदानात आपल्याला तारेच्या जाळीमागे कोंबलेलं आहे, तेव्हा या गोष्टीचं मोल आपल्याला कळायला हवं. व्हाँतूवरचे बहुतेक लोक काही वाईट नव्हते. जागा अर्धी झाली आणि माणसं तितकीच राहिली. प्रार्थनेला दोन वर्गांच्या मुली एका वर्गाच्या जागेत उभ्या केल्या तर रांग मोडतेच, मुली कितीही शहाण्या असोत. शेवटचे दोन-तीन किलोमीटर कठडे हवेतच, मोटारसायकली निम्म्या करा, आणि टप्पा आखडलात तर लोकांनाही खाली पसरायला सांगणारं कुणी ठेवा. बाकीचा डोंगर मोकळा राहू दे.

त्या दिवशीचा वाद मात्र रात्रीपर्यंतच टिकला. त्याच संध्याकाळी नीस शहरात सणाची आतषबाजी बघायला आलेल्या गर्दीवर एकाने ट्रक घातला. 86 माणसं गेली. दुसऱ्या दिवशी आर्देशमध्ये टप्पा झाला, एकेकट्याने घड्याळाशी लढायचा. टॉम ड्यूमुलाँने तो जिंकला, पण जल्लोष झाला नाही. निरनिराळ्या जर्सीवाले गडी व्यासपीठावर माना खाली घालून उभे राहिले.

फ्रूमने ती टूर जिंकली, त्याची तिसरी. येट्स चौथा आला. मोलेमा पुढच्या आठवड्यात मागे पडून अकरावा. हे सगळं मी घरच्या घोळक्यात लिहिलं तेव्हा दादांनी हसऱ्या बाहुल्या मागे घेतल्या नाहीत, पण रात्री फोन करून विचारलं, "तो बिचारा मोलेमा कोणत्या देशाचा गं?"

हॉलंडचा, दादा.