छायाचित्रातील पिवळेपणा आणि युरियाची गोणी

भिलाईच्या परिसरातील धान उत्पादकांसह अनेक शेतकरी आता पानाचे छायाचित्र मोबाइलवरून पाठवून सल्ला मागतात. ही सोय मोठी आहे. परंतु पडद्यावरचा रंग हा पानाचा रंग असतोच असे नाही, याचे भान सुटता कामा नये.

प्रतिमेच्या फाइलमध्ये रंगांचे केवळ आकडे असतात. ते कसे वाचावेत, हे सोबतची रंग-प्रोफाइल सांगते. काही मोबाइल ‘डिस्प्ले पी३’ या विस्तृत रंगपट्ट्यात छायाचित्र टिपतात. प्रोफाइल न वाचणारे सॉफ्टवेअर तेच आकडे १९९९ साली प्रमाणित झालेल्या ‘एसआरजीबी’चे समजते आणि गर्द हिरवे पान फिकट दाखवते. पडद्याचा ‘नाइट मोड’ सुरू असेल तर त्यावर पिवळसर छटाही चढते.

असे पान पाहून नत्राची कमतरता ठरवली व युरिया सुचवला, तर नुकसान गोणीच्या किमतीपुरते राहत नाही. अतिरिक्त नत्राने लुसलुशीत झालेल्या धानावर तपकिरी तुडतुडे आणि पाने गुंडाळणारी अळी फोफावतात.

म्हणून नत्राचा निर्णय बांधावरच, अंगाच्या सावलीत, वरच्या पूर्ण उघडलेल्या पानांशी पर्णरंग तक्ता जुळवून घ्यावा. छायाचित्र पाठवायचेच असेल तर तक्ता पानाशेजारी ठेवून टिपावे. रंग बदलले तरी तुलना बरीचशी टिकते. तुडतुड्यांबाबत बुंध्याचे छायाचित्र आणि प्रति चूड संख्या कळवावी. कीड कोठे आहे आणि किती आहे, हे कोणताही पडदा बदलू शकत नाही.