लोकवर्गणीचा आधार

संगणकावरील खेळ मुले तासन्‌तास खेळतात. परंतु तो तयार करण्यास किती काळ लागतो, याचा विचार फारच थोडे जण करतात. एक जण चित्रे काढतो, दुसरा संगीत रचतो, तिसरा आज्ञावली लिहून त्या चित्रांना हालचाल देतो. आणि मग चुका शोधून दुरुस्त करण्यात महिनेच्या महिने जातात. पेरणीपासून सुगीपर्यंत शेतकऱ्याच्या घरात धान्य असावे लागते. तसेच खेळ विक्रीस येईपर्यंत या कारागिरांच्याही उदरनिर्वाहाची सोय व्हावी लागते. खर्च पहिल्या दिवसापासून, मिळकत मात्र शेवटी!

मोठ्या कंपन्यांजवळ आधीच्या खेळांची मिळकत असते. दोघाचौघांच्या स्वतंत्र गटाजवळ ती कोठून असणार? कर्ज काढावे, तर बँक तारण मागते. मनातील कल्पना काही तारण ठेवता येत नाही. प्रकाशक भांडवल देतो. परंतु तो मिळकतीत वाटा मागतो आणि पुष्कळदा खेळ कसा असावा, हेही ठरवू पाहतो. अशा वेळी लोकवर्गणी हाच खरा आधार होय.

महाराष्ट्राला हा मार्ग नवा नाही. अंताजी दामोदर काळे यांनी लोकांकडून पैसा पैसा जमवून ‘पैसा फंड’ उभारला आणि त्यातून १९०८ साली तळेगाव येथे काचेचा कारखाना निघाला. आज हीच वर्गणी इंटरनेटवरून देशोदेशींच्या लोकांकडून जमवता येते. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड शहरातल्या ‘टीम चेरी’ या चिमुकल्या गटाने ‘हॉलो नाइट’ या खेळासाठी २०१४ साली ‘किकस्टार्टर’ या संकेतस्थळावर ३५,००० ऑस्ट्रेलियन डॉलर मागितले. दोन हजारांहून अधिक लोकांनी मिळून ५७,००० डॉलर दिले. २०१७ साली खेळ पुरा झाला आणि जगभर गाजला.

न झालेल्या वस्तूचे पैसे आधी का द्यावेत, असा आक्षेप काही जण घेतात. तो अगदीच निराधार नाही. अमेरिकेतील ‘डबल फाइन’ या संस्थेने २०१२ साली चार लाख डॉलर मागितले. मिळाले तेहतीस लाख. तरीही ते अपुरे पडले आणि ‘ब्रोकन एज’ हा खेळ २०१४ व २०१५ साली दोन भागांत द्यावा लागला. उलट, पुण्यात तयार झालेल्या ‘राजी’ या खेळाला २०१७ साली वर्गणीचे ठरलेले लक्ष्य गाठता आले नाही. लक्ष्य न गाठल्यास किकस्टार्टरवर काहीच मिळत नाही. निर्मात्यांनी नेटाने अन्य मार्ग शोधले आणि २०२० साली खेळ प्रसिद्ध केला. पण असा दुसरा मार्ग सर्वांनाच सापडतो असे नाही. अर्ध्यावर राहिलेल्या खेळांची नावेही कोणास कळत नाहीत.

लोकवर्गणी ही भीक नव्हे आणि बाजारातील खरेदीही नव्हे. ते विश्वासाचे ऋण होय. म्हणून घेणाऱ्याने झेपेल तेवढेच वचन द्यावे, कामाची खरी हकिकत वर्गणीदारांना वेळोवेळी कळवावी आणि खर्चाचा चोख हिशेब ठेवावा. देणाऱ्यानेही थोडा धीर धरावा. थेंबे थेंबे तळे साचते खरे. पण तळ्याचा बांध पक्का असेल, तरच त्यात पाणी टिकते.