वळणावरचा दोष कोणाचा?

सायकलस्वार रस्त्याच्या डाव्या कडेने सरळ चाललेला असतो. मागून आलेली मालमोटार त्याला ओलांडते आणि चौक येताच डावीकडे वळते. लांब वाहनाची मागची चाके पुढच्या चाकांच्या आतून वळतात आणि त्या आक्रसत जाणाऱ्या जागेत सायकलस्वार सापडतो. त्यानंतर चालकाचे उत्तर ठरलेले असते : 'मी इशाऱ्याचा दिवा लावला होता, तोच मध्ये घुसला!' जखमी मनुष्य शुद्धीवर नसतो. मृताला तर साक्ष देताच येत नाही. मग दोष कोणाचा हे ठरावयाचे कसे?

वस्तुतः वळण्याचा इशारा ही केवळ सूचना आहे, परवाना नव्हे. जो दिशा बदलतो तोच नवा धोका उत्पन्न करतो. तेव्हा वाट मोकळी असल्याची खात्री करून घेण्याचे कर्तव्यही त्याचेच ठरते. परंतु आपल्याकडे पूर्ण भरपाई हवी असेल तर चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भार दावेदारावर पडतो. दोष सिद्ध झाल्याखेरीज भरपाई नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली घेतली. त्यानंतर १९८२ मध्ये संसदेने दोषाचा विचार न करता द्यावयाची ठराविक रक्कम कायद्यात आणली. मृत्यूसाठी ती १५ हजार रुपये होती. २०१९ च्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी ५ लाख व गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळू शकतात. पण ही रक्कम स्वीकारली की दोषावर आधारलेल्या मोठ्या दाव्यावर पाणी सोडावे लागते. पाय गमावलेल्या मजुराने हातचे घ्यावे, की वर्षानुवर्षे न्यायाधिकरणाच्या पायऱ्या झिजवाव्यात? हा पर्याय नव्हे, ही कोंडी आहे.

'परिस्थितीच बोलते' हे तत्त्व आपली न्यायालये योग्य प्रसंगी मान्य करतात, हे खरे. तथापि नियम म्हणून मिळणारे संरक्षण आणि न्यायाधीशाच्या विवेकावर अवलंबून असलेला दिलासा यांत मोठे अंतर आहे. नेदरलँड्समध्ये मोटारीने सायकलस्वाराला धडक दिली, तर अपरिहार्य कारण सिद्ध केल्याखेरीज मोटारवाल्याची सुटका नाही. सायकलस्वाराची चूक असली तरी सर्वसाधारणपणे निम्मी भरपाई द्यावीच लागते; चौदा वर्षांखालील मुलाच्या बाबतीत तर पूर्ण. आपल्याप्रमाणेच डावीकडून वाहने हाकणाऱ्या ब्रिटनने २०२२ साली आपल्या वाहतूक-संहितेत स्पष्टच लिहिले, की सरळ जाणाऱ्या सायकलस्वाराला आडवे जाऊन वळू नये.

यावर आक्षेप येईल, की आपले सायकलस्वार दिव्याविना, प्रसंगी उलट्या दिशेनेही जातात. सगळा भार चालकावरच का? आक्षेप निराधार नाही. म्हणूनच मागणी चालकाला आंधळेपणाने दोषी ठरविण्याची नाही. फौजदारी खटल्यात त्याचा अपराध नेहमीच्या कसोटीनेच सिद्ध व्हावा. भरपाईच्या दाव्यात मात्र वळणाऱ्या वाहनाचा दोष गृहीत धरावा आणि तो खोडून काढण्याची मुभा चालकाला असावी. अखेर पैसे विमा कंपनी भरते, आणि चालक निदान साक्ष देण्यास जिवंत असतो.

एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून मिरविणाऱ्या पुण्यात आज सायकल चालवितो तो बहुधा हौशी तरी असतो, नाही तर नाइलाजाने चालविणारा. हौशी माणूस घरी बसेल. पहाटे कामावर निघालेल्याला तो मार्ग नाही. कायद्याने प्रथम विचार करावयाचा तो त्याचा.