एक सूट, दहा हजार आणि एकच रिसेप्शन?

तुळशीची लग्नं लागली की लग्नसराई सुरू. कुणाच्या तरी दादाचं रिसेप्शन ठरतं, ग्रुपवर फोटो पडायला लागतात आणि तुमचा जीव एखाद्या वाइन कलरच्या नाहीतर बॉटल ग्रीन सूटवर जडतो. घरून प्रश्न ठरलेला, 'हे नंतर कुठे घालणार आहेस?' प्रश्न जुनाच आहे, पण सध्या त्याला जोर आलाय. कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून कपड्यांवरच्या जीएसटीचं गणित बदललंय.

आधी हजार रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के आणि त्यापुढे १२ टक्के कर होता. आता २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्याच्या वर थेट १८ टक्के. म्हणजे कॉलेजला रोज घालायची दीड-दोन हजारांची जीन्स १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली, तर सूट महागाच्या गटात गेला. बरा रेडिमेड सूट अडीच हजारांत मिळणं कठीणच.

हिशेब करू. करापूर्वी ९,००० रुपये किंमत असलेल्या सूटवर आधी १,०८० रुपये कर लागायचा, आता १,६२० लागतो. फरक ५४० रुपयांचा. टोचतो, पण खरा खड्डा तिथे नाहीये. १०,६२० रुपयांचा सूट तुम्ही एकदाच घातला, तर त्या एका संध्याकाळची किंमत १०,६२० रुपये. दहा वेळा घातला तर प्रत्येक वेळचे १,०६२. सरकारने वाढवलेल्या करापेक्षा कपाटात लटकून राहिलेला सूट जास्त महाग पडतो. त्यामुळे 'नंतर कुठे घालणार' या प्रश्नाचं उत्तर खरेदीच्या आधी तयार पाहिजे.

मग काळा घेऊन मोकळं व्हावं का?

सेफ उत्तर तेच आहे. पण बोल्ड सूटची हौस म्हणजे नुसता शो-ऑफ, असंही नाही. मे २०२५ मधल्या मेट गालाची थीम कृष्णवर्णीयांच्या टेलरिंगवर होती. शाहरुख तिथे पहिल्यांदाच गेला, म्हणून आपल्याकडे चर्चा त्याच्या सब्यसाचीच्या काळ्या पोशाखाचीच झाली. थीममागची गोष्ट मात्र मोठी आहे. ज्यांना समाज बघायलाच तयार नव्हता, त्यांनी झोकदार सूट घालून 'आमच्याकडे बघा' असं सांगितलं. १९४३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये ढगळ, लांब झूट सूट घालणाऱ्या मेक्सिकन-अमेरिकन मुलांना नौसैनिकांनी रस्त्यात मारहाण केली, अंगावरचे सूट फाडले. कपड्याचा एवढा राग येतो, तेव्हा तो कपडा काहीतरी बोलत असतो. तेव्हा रंग आवडला असेल तर लाजू नका. फक्त तो खपवायचा कसा, ते ठरवा.

घेतानाच विचार करा

पहिली गोष्ट, चमक टाळा. रंग भडक चालेल, पण कापड मॅट हवं. सॅटिनची कॉलर असलेला चकचकीत कोट रिसेप्शनच्या स्टेजवरून खाली उतरला की बँडवाल्यांचा वाटतो. मोठे चेक्स किंवा एकच गडद रंग असेल तर कोट आणि पँट वेगवेगळी वापरता येतात. बारीक पट्ट्यांचा कोट जीन्सवर घातला, तर अर्धा सूट घरी विसरून आल्यासारखा दिसतो.

दुसरी गोष्ट, शिवून घेण्याचा पर्याय बघा. सूटच्या कापडावर, ते कितीही महाग असलं तरी, जीएसटी ५ टक्केच आहे. शिलाई वेगळी द्यावी लागते, पण वर्षाला २० लाखांपेक्षा कमी उलाढाल असलेल्या टेलरला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. शिवताना त्याच कापडाची दुसरी पँट करून घ्या, कारण कोटाच्या आधी पँट झिजते. आणि शिवणीत माया सोडायला सांगा. विशीत कंबर बदलते. कंबर आणि बाह्यांची लांबी पुढे आल्टर होते, खांदा मात्र नीट बसत नसेल तर तो कोट घेऊच नका.

तिसरी गोष्ट, आपली हवा. मुंबई-कोकणात पूर्ण अस्तराच्या कोटात जीव घामाघूम होतो. अर्धं अस्तर मागा.

एकाचे पाच कसे?

पूर्ण सूट, पांढरा शर्ट, टाय: रिसेप्शन.
तोच सूट, आत साधा काळा टी-शर्ट, खाली पांढरे स्नीकर्स: फेअरवेल किंवा गॅदरिंग.
नुसता कोट, राखाडी किंवा बेज चिनोज: सेमिनार, प्रेझेंटेशन.
नुसती पँट, बाह्या दुमडलेला शर्ट: नेहमीचं कॉलेज.
सूट थ्री-पीस असेल तर आतलं जाकीट साध्या कुर्त्यावर: दिवाळी पहाट, ट्रॅडिशनल डे.

नियम एकच, अंगावर एका वेळी एकच गोष्ट बोलणारी हवी. कोट मोहरी रंगाचा असेल तर बाकी सगळं गप्प.

जोडी फुटू नये म्हणून आणखी एक. कोट एकदाच घातला असला तरी ड्रायक्लीनिंगला कोट आणि पँट सोबतच द्या. एकटी पँट चार वेळा धुतली गेली की दोघांच्या रंगात फरक पडतो आणि पुन्हा पूर्ण सूट म्हणून घालता येत नाही. दर वेळी ड्रायक्लीनही नको. घालून झाल्यावर रुंद हँगरवर रात्रभर वाऱ्याला ठेवा, ब्रश मारा, एवढं बहुतेक वेळा पुरतं.

कुठे नाही चालणार?

प्लेसमेंटला. बँक, ऑडिट फर्म किंवा सरकारी मुलाखतीत समोरच्याला तुमची उत्तरं लक्षात राहिली पाहिजेत, कोट नाही. गडद बॉटल ग्रीन कोट राखाडी पँटवर कदाचित खपेल, मोहरी नाहीच. बजेट एकाच सूटचं असेल आणि प्लेसमेंट याच वर्षी असेल, तर सरळ नेव्ही ब्लू घ्या आणि रिसेप्शनचा सूट भाड्याने आणा. डिपॉझिट परत मिळतं, कपाटात जागा अडत नाही.

थोडक्यात, दुकानात ट्रायल रूमच्या आरशासमोर उभे असाल तेव्हा लग्न सोडून आणखी चार प्रसंग बोटांवर मोजा. चार निघाले तर बिनधास्त घ्या, रंग कुठलाही असो. दोनावरच अडलात तर कोट काढून हँगरला लावा.