गुहेंतील खांबांची साक्ष

ज्या वाळवंटांत आज पेरणीपुरतीही ओल नाहीं, तेथें पूर्वीं पाऊस पडत होता काय, हें कोणास विचारावें? याचें उत्तर ओमान देशांतील होती नामक गुहेंत मिळतें. पावसाचें पाणी मातींतून झिरपतांना कार्बानिक अ‍ॅसिड वायु घेतें, चुनखडक विरघळवितें व गुहेंत थेंबाथेंबानें चुन्याचे खांब उभारतें. पुरेसा पाऊस नसेल, तर त्यांची वाढ खुंटते. युरेनियम पाण्यांत विरघळतें, थोरियम जवळजवळ विरघळत नाहीं. म्हणून थरांतील युरेनियमपासून किती थोरियम झालें तें मोजून थराचें वय काढतात. या रीतीनें सुमारें १०,५०० ते ६,२०० व १,३५,००० ते १,२०,००० वर्षांपूर्वीं तेथें पुष्कळ पर्जन्य होता, असें ठरलें आहे.

ही केवळ विद्वानांची करमणूक नव्हे. अरबस्तानाच्या भूगर्भांतील पाण्याचा मोठा सांठा अशाच ओल्या युगांचा ठेवा होय. सौदी अरबस्तानानें तो उपसून गहूं पिकविला व परदेशींही धाडिला. परंतु पाणी आटूं लागलें, तेव्हां देशी गव्हाची सरकारी खरेदी २०१६ पर्यंत क्रमाक्रमानें बंद करण्याचें २००८ सालीं ठरवावें लागलें.

ओलें युग पुन्हां येईल, असें कोणी म्हणेल. येईलही; परंतु मध्यें हजारों वर्षें जातात, आणि शेतकऱ्यास पीक दरसालीं काढावें लागतें. दरसालच्या पावसानें भरणारी विहीर हें उत्पन्न, व युगांपूर्वींचा सांठा हें मुद्दल, असें आमचें स्पष्ट मत आहे. खोल विंधणविहीर घेण्यापूर्वीं आपण कोणत्या पावसाचें पाणी उपसणार, याचा शेतकरी बंधूंनीं अवश्य विचार करावा.